परदेशी तिखटमिठाचे पदार्थ आणि पाण्याचा हिशोब

परदेशी तिखटमिठाचा एखादा पदार्थ घरी फसला की त्याचे खापर बहुधा साहित्यावर फोडले जाते: ऑलिव्ह तेल नव्हते, पाव तसला मिळाला नाही, चणे वेगळे होते. प्रत्यक्षात भूमध्य समुद्राच्या काठापासून चीन आणि मेक्सिकोपर्यंतच्या घरगुती पदार्थांना लागणारे बहुतेक साहित्य आज आपल्या वाण्याकडे आणि भाजीवाल्याकडे मिळते, आणि जे मिळत नाही त्याला बऱ्यापैकी पर्याय असतो. पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. फलाफल म्हणजे चण्याचा वडा तेलात विरघळतो, कारण त्यातले चणे शिजवलेले असतात; त्झात्झिकी ही दह्या-काकडीची चटणी तासाभरात पातळ होते, कारण काकडी पिळलेली नसते; ब्रुस्केट्टाचा, म्हणजे टोमॅटो घातलेला भाजका, पाव ताटलीत येईपर्यंत लगदा होतो, कारण टोमॅटोचा रस निथळलेला नसतो. कोणत्या पदार्थातले पाणी आधी काढून टाकायचे, कोणत्यात ते बर्फासारखे गार घालायचे आणि कोणत्यात खळखळते आधण ओतायचे, हे समजले की नवख्या हातालाही हे पदार्थ जमतात. पुढचे पदार्थ याच दृष्टीने निवडले आहेत. ते सर्व साध्या गॅसवर आणि मिक्सरवर होतात आणि एकासाठीही ओव्हन लागत नाही.

मापांविषयी एक खुलासा आवश्यक आहे. या लेखात मोठा चमचा म्हणजे 15 मिली आणि लहान चमचा म्हणजे 5 मिली. स्वयंपाकघरात वजनकाटा असेल तर तो जरूर वापरावा, कारण वाटीच्या मापात मैदा दाबून भरला की सैल भरला यावरच पिठाचा पोत बदलतो.

काबुली चणे: एकदा शिजवून, एकदा कच्चे

हमस आणि फलाफल हे दोन्ही पदार्थ लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन, जॉर्डन, इस्रायल या पट्ट्यात रोज खाल्ले जातात आणि दोन्ही काबुली चण्याचे होतात: हमस ही वाटलेल्या चण्याची मऊ चटणी, तर फलाफल हा तळलेला वडा. परंतु एकाचा नियम दुसऱ्याच्या बरोबर उलट आहे. हमससाठी चणे जरुरीपेक्षा जास्त शिजवावे लागतात, तर फलाफलसाठी ते मुळीच शिजवायचे नसतात.

हमससाठी आधी ताहिनी, म्हणजे तिळाचे मऊ वाटण, करावी. बाजारातली ताहिनी महाग असते आणि पुष्कळदा जुनी, खवट झालेली मिळते. घरची ताहिनी वीस मिनिटांत होते. 150 ग्रॅम पांढरे, पॉलिश केलेले तीळ मंद आचेवर सतत हलवत भाजावेत आणि रंग जेमतेम बदलू लागताच ताटात काढावेत. लाडूसाठी भाजतो तितके खमंग भाजले तर हमसला कडवट चव येते. गार झालेले तीळ मिक्सरमध्ये आधी कोरडेच फिरवावेत, भांड्याच्या कडा खरवडून पुन्हा फिरवावेत, आणि त्यांना स्वतःचे तेल सुटू लागले की तीन-चार मोठे चमचे बिनवासाचे तेल घालून गंधासारखे मऊ वाटावेत. या कामात पाण्याचा थेंबही चालत नाही. भांडे ओले असेल तर ताहिनीचा गोळा होतो.

200 ग्रॅम काबुली चणे भरपूर पाण्यात रात्रभर भिजवावेत. सकाळी ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा घालून चणे शिजवावेत. सोड्यामुळे पाणी अल्कधर्मी होते, चण्याच्या सालीतला चिकट धागा सैल पडतो आणि साले जवळजवळ विरघळतात. नाही तर कितीही वाटले तरी हमस रवाळच लागते. सोड्याने फेस फार येतो, म्हणून कुकर अर्ध्याच्या वर भरू नये, आणि शक्य असेल तर जाड बुडाच्या पातेल्यातच चणे शिजवावेत, म्हणजे वर आलेला फेस आणि साले झाऱ्याने काढून टाकता येतात. चणा दोन बोटांत धरला असता दाब न देताच त्याचे पीठ झाले, तर तो हमसपुरता शिजला असे समजावे.

लसणाच्या दोन पाकळ्या तीन मोठे चमचे लिंबाच्या रसात वाटून दहा मिनिटे तशाच ठेवाव्यात. आंबटपणामुळे लसणाचा उग्रपणा वाढत नाही आणि दुसऱ्या दिवशीही हमसला तिखट दर्प येत नाही. आता या रसात 100 ग्रॅम ताहिनी आणि मीठ घालून फेटावे. पहिल्या अर्ध्या मिनिटात ताहिनी एकदम घट्ट होते, दाणेदार दिसते आणि सगळे बिघडले असे वाटते. तेथे घाबरून तेल घालू नये. बर्फाचे पाणी एकेक चमचा घालत फेटत राहावे. चौथ्या-पाचव्या चमच्याच्या सुमारास मिश्रण अचानक सैलावते, त्याचा रंग तपकिरीवरून पांढुरका होतो आणि ते चमच्यावरून रेशमी धारेने पडू लागते. हमसची सगळी गंमत या क्षणात आहे. त्यानंतरच कोमट चणे आणि अर्धा लहान चमचा जिरेपूड घालून तीन-चार मिनिटे फिरवावे. मिक्सरमधून काढताना हमस हवे त्यापेक्षा थोडे पातळ असू द्यावे, कारण गार झाल्यावर ते आळते. पसरट ताटलीत काढून चमच्याच्या पाठीने खळगा करावा, त्यात ऑलिव्ह तेल सोडावे आणि वर थोडी लाल मिरचीपूड भुरभुरावी. फ्रिजमध्ये ते तीन दिवस चांगले राहते.

फलाफलसाठी 250 ग्रॅम चणे बारा ते सोळा तास भिजवावेत, पाणी पूर्ण निथळावे आणि चणे पंचावर अर्धा तास पसरून कोरडे करावेत. डाळवड्याची हरभरा डाळ कच्चीच भिजवून भरड वाटतात, त्यामागे जे कारण आहे तेच येथेही आहे: कच्च्या चण्यातला स्टार्च गरम तेलात शिजताना फुगतो आणि वडा बांधून धरतो. शिजवलेल्या चण्यातला स्टार्च आधीच पाणी पिऊन बसलेला असतो, त्यामुळे तो काहीच बांधत नाही आणि पहिल्याच घाण्यात कढईत चुरा तरंगू लागतो. हा चुरा होऊ नये म्हणून अनेक जण मैदा, पावाचा चुरा, अंडे असे काहीबाही घालत जातात, आणि शेवटी जे तयार होते ते कटलेट असते.

चण्यांबरोबर एक मध्यम कांदा, लसणाच्या पाच-सहा पाकळ्या, दोन मुठी कोथिंबीर, मिळाल्यास मूठभर पार्सली, प्रत्येकी एक लहान चमचा जिरे व धणे आणि मीठ घालून पाण्याशिवाय वाटावे. कोथिंबीर धुऊन आधी पूर्ण कोरडी करावी आणि कांदा चिरून पिळून घ्यावा. मिक्सर सलग चालवू नये. थांबत थांबत फिरवून जाड रव्यासारखा पोत आणावा. मुठीत दाबल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोकल्यावर फुटला, की वाटण जमले. तासभर फ्रिजमध्ये ठेवून, तळण्याच्या अगदी आधी एक लहान चमचा बेकिंग पावडर आणि एक मोठा चमचा तीळ मिसळावेत. तेल मध्यम तापलेले असावे. चिमूटभर वाटण टाकले असता ते तळाशी जाऊन लगेच वर यावे. पहिला घाणा एकाच वड्याचा काढावा. तो फुटला तर उरलेल्या वाटणात दोन मोठे चमचे बेसन मिसळावे आणि अर्धा तास थांबावे. चार-पाच मिनिटांत फलाफल गडद तपकिरी होते आणि फोडल्यावर आतून हिरवेगार दिसते.

इजिप्तमध्ये हाच पदार्थ फावा या मोठ्या घेवड्याच्या वाळवलेल्या, सोललेल्या दाण्यांचा करतात आणि त्याला तामिया म्हणतात. आपले वाल म्हणजे तो दाणा नव्हे. चण्याऐवजी दुसरे कडधान्य वापरून पाहण्याचा मोह झालाच, तर राजमा कटाक्षाने टाळावा, कारण कच्च्या राजम्यातले विषारी द्रव्य खळखळत्या पाण्यात उकळल्यावरच नष्ट होते. तळणीच्या चार मिनिटांत वड्याच्या मध्यापर्यंत तेवढी उष्णता पोचेल याचा भरवसा नाही.

पिळणे आणि निथळणे

त्झात्झिकी ही ग्रीसमधली दह्या-काकडीची घट्ट चटणी हमसच्या शेजारी ठेवायला उत्तम. श्रीखंड घरी करणाऱ्यांना तिचे निम्मे काम आधीच येते. अर्धा किलो सायीच्या दुधाचे ताजे, गोडसर दही मलमलच्या कापडात बांधून फ्रिजमध्येच चार-पाच तास टांगावे किंवा चाळणीत ठेवावे. दुकानातला तयार चक्का पुष्कळदा आंबट असतो. साखरेत तो खपून जातो, पण लसूण आणि मिठाबरोबर त्याचा आंबटपणा उघडा पडतो. एक मोठी काकडी किसून अर्धा लहान चमचा मीठ लावून वीस मिनिटे ठेवावी आणि मग मुठीत घट्ट पिळावी. किसाचा जवळपास कोरडा गोळा हातात राहिला पाहिजे. कोशिंबिरीत सुटलेले पाणी चालते, कारण ती वाढून लगेच संपते. त्झात्झिकी पाहुण्यांपुढे दोन-तीन तास बसून राहते. चक्क्यात ही काकडी, वाटलेल्या लसणाची एक पाकळी, दोन मोठे चमचे ऑलिव्ह तेल, एक लहान चमचा व्हिनेगर आणि बारीक चिरलेला शेपू घालून तासभर मुरू द्यावे. आपल्या बाजारातला शेपू वासाला उग्र असतो, म्हणून एक मोठा चमचा पुरेसा होतो. तुर्कस्तानात दही न टांगता, पाणी घालून असाच पातळ प्रकार करतात आणि तो उन्हाळ्यात वाडग्यातून पितात, तेव्हा घाईच्या दिवशी तो मार्गही मोकळा आहे.

ब्रुस्केट्टा हा मध्य इटलीतल्या शेतकरी घरांतला पदार्थ. निखाऱ्यावर भाजलेल्या पावावर लसूण घासायचा, मीठ भुरभुरायचे आणि नव्या हंगामाचे ऑलिव्ह तेल ओतायचे, एवढाच तो मुळात असतो. टोमॅटो ही त्यावरची लोकप्रिय भर आहे. लादीपाव यासाठी अगदीच मऊ पडतो. मुंबईतला ब्रून म्हणजे कडक पाव किंवा गोव्यातल्या पोदेराकडचा उंडो घ्यावा, तोही शक्यतो आदल्या दिवशीचा. बोटभर जाडीचे काप कोरड्या, चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी काळसर डाग पडेपर्यंत भाजावेत आणि गरम असतानाच सोललेल्या लसणाची पाकळी त्यावर एकदोनदा घासावी. खरखरीत पावावर पाकळी किसणीवर घासल्यासारखी झिजते, म्हणून हात आवरता घ्यावा. टोमॅटो पिकलेले पण कडक असावेत. बिया व गर काढून त्यांचे बारीक तुकडे करावेत, मीठ लावून पाव तास चाळणीत निथळावेत आणि मगच त्यांत तेल व मिरपूड घालावी. निथळलेला रस सारात किंवा आमटीत वापरता येतो. इटालियन बेसिल मिळाले नाही, तर तुळस घालू नये, कारण तिचा लवंगेसारखा वास टोमॅटोवर चढून बसतो. ज्या झाडाचे बी आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाची पाने वापरावीत. तो बेसिलच्याच जातीचा आहे. टोमॅटो पावावर घालायचे ते खाणारे समोर बसल्यावर.

मेक्सिकोतल्या भाजक्या साल्सात, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या चटणीत, पाणी काढण्याचे काम विस्तव करतो. चार टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, लसणाच्या सालासकट तीन पाकळ्या आणि कांद्याचा एक जाड काप कोरड्या तव्यावर काळे फोड येईपर्यंत भाजावेत. लसूण सोलावा, टोमॅटोची करपलेली साल थोडी राहू द्यावी आणि सगळे मिठाबरोबर खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड वाटावे. मिक्सरमध्ये त्याचा गुलाबी फेस होतो, चवही पातळ लागते. शेवटी लिंबू आणि कोथिंबीर घालावी. याबरोबर मक्याच्या तोर्तियाचे, म्हणजे पातळ पोळीचे, तळलेले तुकडे खातात, पण ते घरी मक्याच्या साध्या पिठाचे करायला जाऊ नये. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन मग वाटतात, आणि त्या प्रक्रियेमुळेच त्याच्या पिठाला चिवटपणा येतो. आपल्या मक्याच्या पिठाची पातळ पोळी लाटताच तुटते. तयार तुकडे विकत आणणे शहाणपणाचे; नाही तर ज्वारीची पातळ, कडक भाकरी तोडून द्यावी. तिच्याबरोबर साल्सा माझ्या मते जास्तच चांगला लागतो.

तेलात शिजणारा बटाटा आणि बर्फाच्या पाण्यातले बेसन

स्पेनमधला तोर्तिया हा अंडी-बटाट्याचा जाड, पोळीसारखा उलटलेला ऑम्लेट असतो. मेक्सिकोतल्या मक्याच्या तोर्तियाशी त्याचे नावापलीकडे काही नाते नाही. त्यात कांदा असावा की नसावा यावर स्पेनमध्ये हिरिरीने वाद होतो. कांद्यामुळे तोर्तिया ओलसर आणि गोडसर होतो, तेव्हा पहिल्या वेळी तरी तो घालावा.

अर्धा किलो बटाटे सोलून, त्यांचे दोन-तीन मिलिमीटर जाडीचे काप करावेत आणि फडक्याने टिपून कोरडे करावेत. एक मोठा कांदा पातळ उभा चिरावा. पसरट कढईत 200 मिली तेल कोमटाहून थोडे जास्त तापवून त्यात बटाटे, कांदा आणि मीठ घालावे व मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटे शिजू द्यावे. येथे तळणे अभिप्रेत नाही. तेलात लहान, शांत बुडबुडे यावेत आणि काप तपकिरी न होता कालथ्याच्या कडेने सहज तुटावेत. ते चाळणीत निथळावेत. उरलेले तेल गाळून भाज्यांना वापरता येते. सहा अंडी फार न फेसता मोडून घ्यावीत, त्यांत गरम बटाटे मिसळावेत आणि दहा-पंधरा मिनिटे तसेच ठेवावे. एवढ्या वेळात बटाटा अंडे शोषतो, आणि तोर्तिया कापल्यावर त्याचे थर सुटे पडत नाहीत.

वीस-बावीस सेंटिमीटरच्या नॉनस्टिक तव्यात दोन चमचे तेल तापवून मिश्रण ओतावे, कडा आत ढकलून गोल आकार द्यावा आणि मध्यम-मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावे. कडा घट्ट होऊन तवा हलवल्यावर सगळा गोळा एकसंध सरकू लागला की तव्यापेक्षा मोठी, सपाट ताटली त्यावर उपडी धरावी, एक हात ताटलीवर घट्ट दाबून तवा एका झटक्यात उलटावा आणि तोर्तिया परत तव्यात सरकवावा. हे बेसिनपाशी उभे राहून करावे. स्पेनमध्ये मधला भाग पाझरता ठेवणे पसंत करतात. आपल्याकडच्या हवेत अंडे पूर्ण शिजवणे बरे. तोर्तिया कोमट झाल्यावर चौकोनी तुकडे करून प्रत्येकात काडी खोचावी. गरमागरम कापला तर तो फुटतो.

त्याच देशाच्या दक्षिण टोकाला, कादिझच्या किनाऱ्यावर, बेसन आणि मैद्याच्या पातळ पिठात सालासकट बारीक कोळंबी घालून जाळीदार, कुरकुरीत तोर्तियिता तळतात. कोकणातल्या वाचकांना यासाठी दूर जावे लागणार नाही, कारण ताजा जवळा या कामासाठी नेमका आहे. 75 ग्रॅम बेसन, 75 ग्रॅम मैदा, मीठ, बारीक चिरलेला पातीचा कांदा आणि पार्सली किंवा थोडी कोथिंबीर एकत्र करून त्यात साधारण पाव लिटर बर्फाचे पाणी घालावे. पीठ भज्यांच्या पिठापेक्षा बरेच पातळ, घावनाच्या जवळचे असावे. धुऊन, पिळून घेतलेला 100 ग्रॅम जवळा त्यात मिसळावा आणि बोटभर खोल तेलात मोठ्या चमच्याने ओतून लगेच पातळ पसरवावा. गार पिठामुळे मैद्याचा चिवटपणा उघडत नाही, आणि तापलेल्या तेलात पाण्याची वाफ झपाट्याने निघून गेल्यामुळे जाळी पडते. तळून झाल्यावर कागदावर ढीग करू नये. जाळीवर उभे ठेवावेत.

आधणाच्या पाण्यातला मैदा

मोदकाची उकड ज्यांच्या हाताला ठाऊक आहे, त्यांना पुढचे दोन पदार्थ अवघड नाहीत. मैद्यावर उकळते पाणी ओतले की त्यातला स्टार्च तिथेच शिजतो आणि गार पाण्याने येणारा रबरासारखा ताण फारसा येत नाही. गोळा जास्त पाणी पितो, तरी हाताला चिकटत नाही आणि लाटल्यावर मागे ओढला जात नाही.

चीनमधली पातीच्या कांद्याची पोळी हा माझ्या दृष्टीने या सगळ्यांतला सर्वांत किफायतशीर पदार्थ आहे: मैदा, तेल, मीठ आणि पातीची एक जुडी. 250 ग्रॅम मैद्यात अर्धा लहान चमचा मीठ घालून 150 मिली खळखळते पाणी धारेने ओतावे आणि लाकडी चमच्याने ढवळावे. हाताला सोसेल इतके निवल्यावर पाच मिनिटे मळावे. गोळा कोरडा वाटला तर आणखी एक-दोन चमचे पाणी लावावे आणि झाकून अर्धा तास ठेवावे. दरम्यान साटा करावा, पण तांदळाच्या पिठाचा आणि तुपाचा नव्हे: वाटीत एक मोठा चमचा मैदा आणि चिमूटभर मीठ घेऊन त्यावर तीन मोठे चमचे कडकडीत तेल ओतावे आणि ढवळून सरसरीत लेप करावा. कांद्याची पात धुऊन फडक्यावर पूर्ण वाळवावी, फक्त हिरवा भाग बारीक चिरावा. ओली पात हा या पोळीचा शत्रू. तिच्या पाण्याने पदर एकमेकांना चिकटतात आणि लाटताना पोळी फुटते.

चार लाट्या करून एकेक शक्य तितकी पातळ लाटावी, साटा लावावा, वर पात पसरावी, घट्ट गुंडाळी करावी आणि ती गुंडाळी शंखासारखी वळवून शेपूट खाली दडपावे. दहा मिनिटे विसावा देऊन हलक्या हाताने पुन्हा लाटावी. ही पोळी फार पातळ करू नये, साधारण अर्धा सेंटिमीटर जाडी ठेवावी. तव्यात दोन चमचे तेल घालून, आधी झाकण ठेवून मध्यम आचेवर प्रत्येक बाजूला तीन-चार मिनिटे भाजावी आणि शेवटी झाकण काढून कुरकुरीत करावी. तव्यावरून उतरताच ती पोळपाटावर ठेवून दोन्ही हातांनी कडांकडून मध्याकडे दोन-तीनदा दाबली की पदर मोकळे होतात. सोया सॉस, व्हिनेगर, चिमूटभर साखर आणि ठेचलेली मिरची कालवून बरोबर द्यावे.

दुसरा पदार्थ गोव्याचा, पोर्तुगालहून आलेला: कोळंबीचे रिसॉइस. आकार करंजीचा, आवरण उकडीचे, आत पांढऱ्या सॉसमधली कोळंबी आणि वरून अंडे व पावाचा चुरा. निम्मे दूध व निम्मे पाणी असे 250 मिली द्रव, 25 ग्रॅम लोणी आणि मीठ उकळवून त्यात 175 ग्रॅम मैदा एकदम घालावा आणि गोळा पातेल्याच्या कडा सोडेपर्यंत मंद आचेवर घोटावा. निवल्यावर मऊ मळून झाकून ठेवावा. सारणासाठी दोन मोठे चमचे लोण्यात बारीक कांदा परतून दोन मोठे चमचे मैदा घालावा, मिनिटभर परतून 200 मिली दूध थोडे थोडे घालत गुठळ्या न होऊ देता शिजवावे, मग 200 ग्रॅम चिरलेली कोळंबी, मिरपूड, हिरवी मिरची आणि लिंबू घालून कोळंबी गुलाबी होईपर्यंत ठेवावे. हे सारण चमचा उभा राहील इतके घट्ट असावे आणि फ्रिजमध्ये पूर्ण गार झाल्याशिवाय भरू नये. गरम सारणाची वाफ आतून आवरण भिजवते आणि तळताना शिवण उसवते. पुरीएवढी पारी लाटून, सारण भरून, कडा दाबून, अंड्यात आणि चुऱ्यात घोळवून तळावेत. शाकाहारी घरात मक्याचे दाणे किंवा मशरूम चालतात, मात्र मशरूम आधी मोठ्या आचेवर पाणी आटेपर्यंत परतावेत आणि अंड्याऐवजी मैद्याची पातळ पेस्ट लावावी.

पाहुणे येणार असतील तर

आठ-दहा माणसांसाठी यांतले चार पदार्थ पुरतात: दोन आधी करून ठेवण्याजोगे, एक कोमट खाण्याचा आणि एकच तळण्याचा. दोन तळणीचे पदार्थ एकाच संध्याकाळी ठेवले तर करणारी व्यक्ती पाहुण्यांत बसूच शकत नाही. ताहिनी आठवडाभर आधी झालेली असावी. आदल्या रात्री चणे भिजत घालावेत आणि दही टांगावे. हमस आणि फलाफल दोन्ही करायचे असतील तर चणे एकाच पातेल्यात भिजवून सकाळी त्यांचे दोन भाग करावेत. हमस आणि त्झात्झिकी दुपारपर्यंत फ्रिजमध्ये जावीत आणि वाढण्याच्या अर्धा तास आधी बाहेर यावीत, कारण थंडगार हमसला चव लागत नाही. तोर्तिया पाहुणे येण्यापूर्वी तासभर करावा. दोन तासांपेक्षा जास्त वेळ तो बाहेर ठेवू नये. रिसॉइस भरून, चुऱ्यात घोळवून फ्रीझरमध्ये महिनाभर राहतात आणि न वितळवता मध्यम आचेवर थेट तळता येतात, फक्त एका घाण्यात तीन-चारपेक्षा जास्त घालू नयेत, नाही तर तेल गार पडते. फलाफलच्या कच्च्या वाटणात बेकिंग पावडर घालून ते फ्रिजमध्ये ठेवू नये. पावडर तळण्याच्या क्षणीच घालावी. पावाचे काप भाजून डब्यात भरू नयेत, डब्यात वाफ धरते. टोमॅटो, लसूण आणि काप वेगवेगळे मांडून ठेवले, तर पाहुणे स्वतःच एकेक ब्रुस्केट्टा जुळवून घेतात.